क्लॅश रॉयलमध्ये जिंकणारा डेक कसा बसवायचा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता. फराळाची ताटली मांडीवर, फोन हातात आणि चेहरा पडलेला. "मामा, माझ्याकडे मेगा नाइट आहे, पेका आहे. तरी सलग सात मॅच हरलो." मी डेक, म्हणजे मॅचमध्ये वापरायची आठ कार्डं, दाखवायला सांगितलं. मेगा नाइट, पेका, एलीट बार्बेरियन्स, रॉकेट, विझार्ड, विच, प्रिन्स, मिनियन होर्ड. खाली इलिक्सिरची, म्हणजे एकेक कार्ड टाकायला लागणाऱ्या इंधनाची, सरासरी: ५.८.

"अरे, या ताटात आठही वाट्या बासुंदीच्या आहेत," मी म्हटलं. "मीठ कुठंय? लिंबू कुठंय? ताटाला डावी बाजूच नाही."

तो हसला नाही. पण पुढचे दोन दिवस बसून आम्ही तो डेक मोडला आणि नवा बसवला. तेव्हा त्याला जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडतोय. खेळ असा: मधल्या नदीच्या पुलांवरून सैनिक पाठवून समोरच्याचे टॉवर पाडायचे, आपले राखायचे. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा हा फोनवरचा खेळ मार्च २०१६ मध्ये जगभर आला आणि मी साधारण तेव्हापासून खेळतोय. फार वरचा खेळाडू मी कधीच नव्हतो, पण करण्यासारख्या सगळ्या चुका करून झाल्यात.

आधी इलिक्सिरचा हिशेब

नवीन माणूस कार्डाची ताकद बघतो, जुना आधी किंमत बघतो. साधी मॅच तीन मिनिटांची. पहिली दोन मिनिटं दर २.८ सेकंदांना एक इलिक्सिर मिळतं, शेवटच्या मिनिटात दुप्पट वेगाने. म्हणजे पहिल्या दोन मिनिटांत साधारण ४३ आणि शेवटच्या एकट्या मिनिटात पुन्हा तेवढंच. टाकीत मावतं फक्त १०. त्याच्यावरचं वाहून जातं.

आता भाच्याच्या डेकला हे लावून बघा. सरासरी कार्ड पावणेसहा इलिक्सिरचं, म्हणजे एक कार्ड टाकलं की पुढचं परवडेपर्यंत १६ सेकंद. २.६ सरासरीचा डेक घेऊन बसलेला माणूस तेवढ्या वेळात दोन कार्डं टाकून तिसऱ्याचा विचार करत असतो. भाचा हरत होता तो कार्डं कमजोर होती म्हणून नव्हे. त्याच्या हातात मोठमोठ्या नोटा होत्या आणि प्रत्येक वेळी सुट्टे हवे होते.

सुट्ट्यांचं महत्त्व एका उदाहरणात कळतं. समोरच्याने ३ इलिक्सिरची स्केलेटन आर्मी टाकली आणि तुम्ही ती २ च्या लॉगने साफ केली, तर एक इलिक्सिर गाठीला. ५ ची मिनियन होर्ड ३ च्या अ‍ॅरोजने उडवली, तर दोन. असे तीन-चार व्यवहार जमले की एक वेळ अशी येते, जेव्हा तुमच्याकडे ९ असतात आणि त्याच्याकडे ४. हल्ला तेव्हा करायचा. किराणा दुकानदाराचं डोकं लागतं या खेळाला. उलटंही तेवढंच खरं: ४ च्या हॉग रायडरला अडवायला ७ चा मेगा नाइट टाकला, तर हॉग मेला तरी तुम्ही तिनाने बुडालात. भाचा हे दर मॅचला करत होता.

सुरुवातीला सरासरी ३ ते ४ च्या मध्ये ठेवा. गोलेमचे डेक ४.३ पर्यंत जातात आणि जिंकतातही, पण ते खेळणाऱ्याला पहिली दोन मिनिटं मार खात, हिशेब सांभाळत तग धरता येतो आणि शेवटच्या मिनिटाच्या दुप्पट इलिक्सिरवर तो पैसे वसूल करतो. तो संयम आधी कमवावा लागतो.

टॉवर कोण पाडणार?

डेक बसवताना पहिलं कार्ड हे ठरवायचं. मी भाच्याला विचारलं, "यातलं टॉवरकडे सरळ कोण जातं?" तो म्हणाला, "पेका." मग आम्ही त्याच्या आदल्या मॅचची रिप्ले लावली. पेका पूल ओलांडून डुलत डुलत निघाली. समोरच्याने तिच्यापुढे १ इलिक्सिरचे स्केलेटन्स टाकले, तीन सांगाडे. पेका थांबली. एकाला मारलं, वळली, दुसऱ्याला मारलं, पुन्हा वळली. तोवर टॉवर तिला टोचत होते आणि मागून एक मस्केटियर गोळ्या झाडत होती. ७ इलिक्सिर टॉवरला हातही न लावता संपलं.

वाटेत येईल त्याच्याशी भांडणारं कार्ड टॉवर पाडायच्या कामाचं नाही. त्यासाठी वेगळी जात आहे. हॉग रायडर (४), जायंट (५), बलून (५), रॉयल जायंट (६), गोलेम (८) ही मंडळी फक्त इमारतीकडे बघतात, सैनिक त्यांना दिसतच नाहीत. गोब्लिन बॅरल आणि मायनर (दोन्ही ३) थेट टॉवरजवळ उतरतात. मॉर्टर (४) आणि एक्स-बो (६) नदीच्या अलीकडून मारा करतात. यातलं एक निवडायचं, फार तर दोन.

कोणतं? जे खेळताना तुम्हाला मजा येते ते. हे उत्तर हलकं वाटेल, पण पुढचे शे-दोनशे सामने त्याच कार्डाबरोबर काढायचे आहेत. भाच्याला झटपट खेळ आवडतो, म्हणून हॉग. मला जायंट आवडतो: राजाच्या टॉवरमागे सोडायचा, तो रमतगमत पुलाशी पोचेपर्यंत खर्च केलेलं इलिक्सिर परत भरतं आणि मग त्याच्या पाठीशी मस्केटियर उभी करायची. नवख्यांसाठी मी एक्स-बो सोडून काहीही चालेल म्हणतो. एक्स-बो हा शिकायला सगळ्यात जाचक प्रकार आहे, त्याच्या नादी नंतर लागा.

उरलेली सात कामं

मुख्य कार्ड ठरलं की बाकीच्या सात जागा म्हणजे सात नोकऱ्या. कबड्डीच्या संघात सातही चढाईपटू घेतले तर पकड कोण करणार, तसंच. एक कार्ड दोन कामं करत असेल तर उत्तम. पण एखादं काम कुणाकडेच नसेल, तर तिथूनच मार बसतो.

सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम म्हणजे हवेतल्या शत्रूला मारणं. नाइट, व्हॅल्कीरी, मिनी पेका, मेगा नाइट यांना आकाशातलं काही दिसत नाही. डेकमध्ये हवेवर मारा करणारी किमान दोन कार्डं हवीत, तीन असतील तर झोप शांत लागते. मस्केटियर, आर्चर्स, मिनियन्स, बॅट्स, बेबी ड्रॅगन यांतली कुठलीही. दोन का? कारण एकच असेल, तर समोरचा आधी तिच्यावर फायरबॉल टाकतो आणि मग निवांत बलून सोडतो.

मंत्र, म्हणजे सैनिक न उतरवता थेट मारा करणारी कार्डं, दोन ठेवा, एक छोटा आणि एक मोठा. छोट्यात लॉग, झॅप किंवा अ‍ॅरोज. लॉग जमिनीवरच चालतो, पण गोब्लिन्स आणि प्रिन्सेस एका फेकीत उडवतो. झॅप हवेतही लागतो आणि इन्फर्नो टॉवरची तापत चाललेली आग क्षणात पहिल्यावर आणतो, म्हणून जायंट किंवा गोलेमवाल्यांना तो प्रिय. मोठ्यात फायरबॉल, पॉयझन, रॉकेट. टॉवरवर मंत्राचा मार बराच कमी बसतो, तेव्हा उठसूट टॉवरवर फायरबॉल फेकू नका. एका फायरबॉलमध्ये मस्केटियर आणि टॉवर दोन्ही सापडतील अशी वेळ गाठायची, तेव्हा ४ इलिक्सिरचं सोनं होतं.

मग धिप्पाड सैनिकाला पाडणारं काहीतरी: मिनी पेका, इन्फर्नो टॉवर, नाहीतर घोळका. घोळक्याला झोडपणारं काहीतरी: व्हॅल्कीरी, बेबी ड्रॅगन, बॉम्बर. एखादी इमारत, कॅनन किंवा टेस्लासारखी. आणि शेवटी १-२ इलिक्सिरची एक-दोन कार्डं, ताटाची डावी बाजू. एकटा लिंबू कुणी खात नाही, पण त्याच्याशिवाय पंगत बसत नाही.

ज्यांच्याकडे अजून फारशी कार्डं नाहीत त्यांनी खेळाच्या आरंभीच हाती येणारी आठ मांडून बघावीत: जायंट, मस्केटियर, मिनी पेका, फायरबॉल, अ‍ॅरोज, नाइट, आर्चर्स, मिनियन्स. बेरीज २९, सरासरी ३.६. टॉवरवर जाणारा आहे, हवेवर मारणारी तीन आहेत, दोन्ही मंत्र आहेत, धिप्पाडाला पाडायला मिनी पेका आहे. इमारत नाही आणि एक-दोन किमतीचं काही नाही, हे उणं. तरी भाच्याच्या ५.८ च्या डेकपेक्षा हा शंभर पटीने शहाणा आहे, आणि त्यात चार कॉमन, चार रेअर. एकही लेजेंडरी नाही. लेजेंडरी म्हणजे दुर्मीळ, बलवान नव्हे. हा गैरसमज मला मोडायला दोन वर्षं लागली.

कार्डांचं आपसात जमतं का?

कामं वाटून झाली की डेक चालतो. पण जिंकतो तो डेक, ज्यातली कार्डं एकमेकांची पाठ राखतात. त्यासाठी दोन गाजलेले डेक उलगडून बघण्यासारखे आहेत.

पहिला, २.६ हॉग सायकल: हॉग रायडर ४, मस्केटियर ४, फायरबॉल ४, कॅनन ३, आइस गोलेम २, लॉग २, आइस स्पिरिट १, स्केलेटन्स १. बेरीज २१. हातात एकावेळी चार कार्डं असतात, आणि टाकलेलं कार्ड परत हाती यायला दुसरी चार टाकावी लागतात. या डेकमधली सर्वांत स्वस्त चार म्हणजे स्केलेटन्स, आइस स्पिरिट, आइस गोलेम आणि लॉग. १+१+२+२, फक्त ६. पुढच्या हॉगचे ४ धरले तर १० इलिक्सिरमध्ये, म्हणजे २८ सेकंदांत, हॉग पुन्हा पुलावर. समोरच्याने पहिल्या हॉगला टेस्लाने अडवलं असेल, पण त्याची कार्डं महाग असतील तर दुसऱ्या हॉगच्या वेळी टेस्ला अजून रांगेत असते. खरी मेख ही आहे. हॉग तोच, पण त्याला अडवणारं कार्ड हातात यायच्या आत तो परत आलेला असतो.

म्हणून सरासरी बघून झाल्यावर आणखी एक बेरीज करा: तुमच्या स्वस्तातल्या चार कार्डांची. ती ९-१० च्या वर गेली, तर मुख्य कार्ड मॅचमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा दिसणार. इव्होल्यूशन आल्यापासून, म्हणजे २०२३ पासून, या बेरजेला आणखी भाव आलाय. इव्होल्यूशनचं कार्ड एक-दोनदा साध्या रूपात टाकावं लागतं, तेव्हा पुढचं ताकदवान रूप मिळतं. हात जितका झरझर फिरेल तितक्यांदा ते मिळेल.

दुसरा, लॉग बेट (बेट म्हणजे इंग्रजीतलं bait, आमिष): गोब्लिन बॅरल, प्रिन्सेस, गोब्लिन गँग, नाइट, इन्फर्नो टॉवर, आइस स्पिरिट, रॉकेट, लॉग. सरासरी ३.३. यात बॅरल, प्रिन्सेस आणि गँग तिन्ही लॉगने मरतात. एरवी हा दोष. पण समोरच्याकडे लॉग एकच असतो! प्रिन्सेसवर खर्च केला तर बॅरल टॉवरवर फुटतं, बॅरलसाठी राखून ठेवला तर प्रिन्सेस लांबून टॉवर कुरतडत बसते. आमिष लावून मासा धरायचा प्रकार.

यावरून आपल्या डेकची तपासणी करता येते. तुमची मस्केटियर, विझार्ड आणि विच तिघीही फायरबॉलच्या टप्प्यातल्या असतील आणि तुम्ही त्यांना शेजारीशेजारी उभ्या करत असाल, तर ते आमिष नाही, नुसता खुराक आहे. भाचा नेमकं हेच करायचा. विझार्डला विचच्या कडेला उभा करून वर विचारायचा, "एवढी फौज गेली कुठे?"

सोनं कुठे घालायचं

इथे मी स्वतः फार नुकसान करून घेतलं. पहिल्या वर्षी वीसेक कार्डं थोडी थोडी वाढवली. नवीन कार्ड आलं की त्यावर सोनं, क्लॅनमधल्या, म्हणजे खेळातल्या आमच्या गटातल्या, कुणी कौतुक केलं की त्यावर सोनं. परिणाम: आठ कार्डांचा एकही डेक धड नाही आणि समोर येणारे सगळे दोन लेव्हल वर.

दर लेव्हलला कार्डाची ताकद साधारण १० टक्क्यांनी वाढते. ऐकायला कमी वाटतं. पण बरोबरीच्या लेव्हलच्या फायरबॉलमधून मस्केटियर थोडंसं आयुष्य राखून निसटते, आणि एका लेव्हलने वरचा फायरबॉल तिला जागीच संपवतो. या एका फरकावर टॉवर जातो. त्यातून पुढच्या पुढच्या लेव्हलचा सोन्याचा भाव चढतच जातो. म्हणून आठ कार्डं ठरवायची आणि पहिलं सोनं तिथेच. त्यातही मंत्र आणि मुख्य कार्ड आधी, कारण लेव्हल कमी पडली तर सगळ्यात जास्त झळ तिथे बसते. आइस स्पिरिट मागे राहिला तरी गोठवायचं काम करतोच. क्लॅनमध्ये मागायची कार्डंही याच आठांतली. खिशातले खरे पैसे घालावेत का, हे ज्याचं त्याने ठरवावं. भाच्याला मी स्पष्ट नाही म्हटलं.

डेक बदलायचा कधी?

हरल्यावर लगेच नाही. तीन मॅच हरलं की डेक मोडायचा आणि यूट्यूबवर दिसलेला नवा उचलायचा, या चक्रात अर्धी मंडळी अडकलेली आहेत. वरच्या खेळाडूचा डेक उतरवून घेता येतो, त्याचा हात उतरवून घेता येत नाही. २०१८ च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून ठेवला होता आणि भारताचा खेळाडू चौथा आला होता. त्या पातळीवरच्या माणसांना समोरच्याच्या हातात आत्ता कोणती चार कार्डं आहेत आणि टाकीत किती इलिक्सिर आहे, हे डोळे मिटून सांगता येतं. आपल्याला ते जमेपर्यंत डेक तरी ओळखीचा हवा.

माझी पद्धत साधी आहे. एक डेक, वीस मॅच. वहीत फक्त हरलेल्या मॅचची नोंद: टॉवर कोणत्या कार्डाने पाडला. "इलिक्सिर दहावर वाया जात होतं" किंवा "घाईत फायरबॉल चुकला" असं असेल तर तेही खरंखरं लिहायचं, कारण तो दोष डेकचा नाही. वीस झाल्या की नोंदी मोजायच्या आणि एकच कार्ड बदलायचं. दोन बदलली तर गुण कशाने आला ते कळत नाही. सुपरसेल अधूनमधून कार्डांची ताकद कमीजास्त करत असते. तेवढ्यात आपलं कार्ड सापडलं तर पुन्हा वीस मॅच, पुन्हा वही.

भाच्याचा डेक शेवटी असा ठरला: हॉग रायडर, मस्केटियर, फायरबॉल, झॅप, बॅट्स, गोब्लिन्स, आइस स्पिरिट आणि मेगा नाइट. मेगा नाइट सोडायला तो काही केल्या तयार नव्हता. ठेवला. एका ताटात एक बासुंदी चालते. शिवाय घोळक्यावर वरून उडी मारून तो जो धुरळा उडवतो त्याला तोड नाही, फक्त हॉग अडवायला वापरायचा नाही अशी शपथ घालून घेतली. सरासरी ५.८ ची ३.३ झाली.

भाऊबीजेपर्यंत वीस मॅच झाल्या. अकरा जिंकल्या, नऊ हरल्या. वहीत नऊ नोंदी: हॉग पाच, जायंट दोन, गोलेम एक, आणि एकापुढे "आईने फोन घेतला". नऊपैकी आठ वेळा इमारतीकडे धावणाऱ्यानेच टॉवर पाडला होता आणि डेकमध्ये इमारत नव्हती. गोब्लिन्स काढून कॅनन घातला. सरासरी ३.४.

कॅनन कुठे ठेवायचा ते कागदावर काढून दाखवलं. मैदानाच्या मधोमध, नदीपासून तीन-चार घरं मागे. डावीकडून हॉग आला तर टॉवर सोडून तो मध्ये वळतो आणि दोन्ही बाजूंचे टॉवर त्याला सडकतात. ३ मध्ये ४ चं काम, वर टॉवरला ओरखडा नाही.

तो घरी परतल्यावर चार दिवसांनी त्याचा व्हिडिओ आला. कॅनन अगदी पुलाच्या तोंडाशी ठेवलेला, हॉग तिथेच उभा राहून तो फोडतोय, आणि मागे समोरच्याचा जायंट येतोय. खाली लिहिलं होतं, "मामा, तुमचा कॅनन चालत नाही."

मी उत्तर पाठवलं, "दोन घरं मागे घे."